टाके घातलेल्या वाडग्याची सहल

मी हळू बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. जाड मातीचा आहे. तापायला वेळ लागतो, तसा बोलायलाही. शीआन शहरात लान मालकांचं मटण-रोटाचं दुकान आहे, तिथला मी वाडगा. वरच्या फळीवर, अगदी भिंतीकडच्या टोकाला असतो. अंगावर तीन टाके आहेत, लगेच ओळखाल. आम्हा वाडग्यांचं तोंड सदा उघडं, पण बोलतो कोण? आज मात्र वैतागलोय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म उत्तरेच्या डोंगरातल्या एका भट्टीत झाला. कुंभाराच्या बायकोनं माझ्या काठावर निळी रेघ ओढली ती नवऱ्याला बोल लावता लावता. म्हणून एका जागी ती रेघ जरा थरथरली आहे. मग गवतात गुंडाळून, गाडीत घालून मला इथे आणलं. आत्ताच्या लान मालकांच्या वडिलांनी मला बोटानं वाजवून पाहिलं, म्हणाले, "आवाज दमदार आहे, राहू दे."

आमच्या दुकानाची रीत अशी. गिऱ्हाईक आलं की त्याच्यापुढे रिकामा वाडगा आणि दोन कडक, जाड रोट ठेवायचे. ते रोट त्यानं स्वतःच्या हातानं कुस्करायचे, मधमाशीच्या डोक्याएवढे बारीक. मग आचारी वाडगा आत नेतो आणि तो चुरा मटणाच्या रश्शात शिजवून आणतो. कुस्करायला भरपूर वेळ लागतो. पण त्यातच गंमत आहे. हात गुंतलेले, नजर खाली, म्हणून एरवी ओठांवर न येणारं बोलणं इथे आपोआप निघतं. किती लग्नं माझ्या काठावर जुळली आणि किती भांडणं मिटली, काय सांगू!

हातगाडी ओढणारे एक दांग नावाचे गृहस्थ होते. पगाराच्या दिवशी दोन्ही पोरांना घेऊन यायचे. मोठी यिनह्वा, धाकटा बाओछंग. तिघांत वाडगा एक, म्हणजे मी. एकदा बाओछंगनं हट्टानं मला स्वतः उचललं आणि आपटलं. मी दुभंगलो. बापानं मारलं नाही. दोन्ही तुकडे पदरात घेतल्यासारखे कोटात घेतले आणि पोराला घेऊन रस्त्यावर फुटकी भांडी तारेनं सांधणाऱ्या टाकेवाल्याकडे गेला. टाकेवाला मला भोकं पाडत होता आणि पोरगं शेजारी उकिडवं बसून दर टाक्याला स्वतःच "आई गं" म्हणत होतं. ते मी कसं विसरेन?

पोरं मोठी झाली. बाओछंग दूर पश्चिमेला, वाळवंटातल्या तेलाच्या गावात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. यिनह्वा इथेच, शहराच्या जुन्या तटाच्या सावलीत राहिली. म्हातारी झाली तरी दुकानात आली की म्हणते, "माझा टाक्यांचा वाडगा काढा हो मालक." दुसऱ्या वाडग्यात ती जेवत नाही.

आता ज्यासाठी तोंड उघडलं ते सांगतो. गेल्या शरद ऋतूत बाओछंग शीआनला आला, डोळे दाखवायला. डॉक्टरांनी सांगितलं, आतून अंधार चढतोय, वर्षभरात नजर जाईल. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. हातात एकच दिवस. त्याच्या मुलानं, चिनपोनं, मनाशी घेतलं की त्या दिवसात बाबांना शीआनचं जे जे नावाजलेलं आहे ते सगळं दाखवायचं. खासगी गाडी सांगितली. आणि ठरवाठरव करायला ते आमच्या दुकानात बसले: चिनपो, त्याची आत्या यिनह्वा आणि गाडीवाले न्ये उस्ताद. ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तो बाओछंग बिचारा डोळ्यांत औषध घालून खोलीवर पडला होता.

आत्यानं मला मागून घेतलं. मला वाटलं, आता रोट येतील. कसले रोट! तिनं मला टेबलाच्या मधोमध उपडा घातला.

"हा घंटेचा मनोरा," ती म्हणाली. "शहराचा मध्य. आता बघ." मग साखरेत मुरवलेल्या लसणाच्या बशीतून एकेक पाकळी काढून तेलकट टेबलावर मांडत गेली. "हे राजाच्या थडग्यातले मातीचे सैनिक, पार पूर्वेला. हा तट. हा हंसाचा मनोरा. आणि ही इथे, घंटेच्या मनोऱ्याच्या पायाशी, जेवणाची पाकळी. आपलं हे दुकान. तुझे बाबा लहानपणी—"

"आत्या, सैनिकांची सकाळची तिकिटं संपलीत," चिनपो फोनमध्ये डोकं घालून म्हणाला. "अकराची मिळाली. म्हणजे तट दुपारनंतर. उस्ताद, जमेल ना?"

"जमेल की! सुट्टीचे दिवस आहेत, रस्ता तुंबलेला असणार. पण जमेल."

"तुंबला तर जमेल कसं?"

"मग नाही जमणार," न्ये उस्ताद शांतपणे म्हणाले. "मी गाडी चालवतो साहेब, उडवत नाही."

असा अर्धा दिवस गेला. पाकळ्या इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. चिनपोला एक संग्रहालयही घालायचं होतं. आत्या म्हणायची, घाल बाबा. माझ्या पाठीवर घाम यावा इतका मी कंटाळलो. उपडा माणूस काही बोलू शकत नाही, वाडगा तर मुळीच नाही. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, न्ये उस्तादांनी बोलता बोलता हात पुढे केला, जेवणाची पाकळी उचलली आणि तोंडात टाकली. कुरूम कुरूम.

"बरं," चिनपो म्हणाला, "म्हणजे सैनिक, तट, हंसाचा मनोरा, संग्रहालय. बसतंय! मध्ये वेळही उरला. खायचं काय, गाडीत बिस्किटं खाऊ."

मी मनातून ओरडलो, अरे, पाकळी कुठे गेली विचारा! यिनह्वानं पाहिलं होतं. तिचा हात बशीकडे गेलाही. पण भाचा इतका खुशीत आला होता की तिनं तोच हात पदर सारखा करावा तसा कोटाच्या बटणांवर फिरवला आणि गप्प बसली. पाहुण्याचा मुलगा, गाडी त्याची, दिवस त्याचा. आमच्याकडची माणसं अशीच. भिडेखातर पोट बांधतील, पण तोंड उघडणार नाहीत.

चिनपो गेल्यावर ती लान मालकांकडे आली. "उद्या सकाळी चार रोट द्या. आणि हा वाडगाही."

"वाडगा दुकानाबाहेर जात नाही, आजी."

"ह्याचे टाके कोणाच्या बापानं घालून घेतले होते? तुमच्या की माझ्या?"

मालकांनी कपाळाला हात लावला. "घ्या. पण चार वाजता मी चूल विझवतो. चार म्हणजे चार. नंतर आलात तर कोरडाच चुरा खावा लागेल."

तर अशी माझी सहल निघाली. टॉवेलात गुंडाळून, यिनह्वाच्या मांडीवर. इथे आल्यापासून पहिल्यांदा शहराबाहेर! आणि पाहिलं काय? टॉवेलाच्या फटीतून गाडीचं छप्पर. रस्ता तुंबायचा तसा तुंबला. चिनपो पुढे बसून दर वळणावर म्हणायचा, "उस्ताद, डावीकडून काढा," आणि उस्ताद म्हणायचे, "डावीकडे शेत आहे."

सैनिकांपाशी पोचलो तर ऊन असं लखलखीत की औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या बाओछंगच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दोन पावलं गेला आणि माघारी आला. "सोसत नाही रे. तू जाऊन ये."

"बाबा, एवढ्या लांब आलोय! आत सावली आहे. पाचच मिनिटं."

"तू ये जाऊन."

चिनपोचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी बघून येतो. सगळं फोनमध्ये घेऊन येतो, घरी दाखवतो." आणि धावत गेला.

गाडीत आम्ही तिघं उरलो, आणि न्ये उस्ताद, जे लगेच घोरू लागले. यिनह्वानं टॉवेल सोडून मला मांडीवर नीट बसवलं. हुश्श! भावाच्या हातात एक रोट दिला.

"कुस्कर. ह्याला डोळे लागत नाहीत. चारला लान मालक चूल विझवतात, त्याआधी नेऊ."

बाओछंग हसला. "ताई, अजून तशीच आहेस. तिकडे वाळवंटात कोणाला हे जमत नाही. भाकरीसारखे मोडतात आणि म्हणतात, झालं."

"तूही काही फार बारीक करायचास असं नाही. बाबा तुझा चुरा पुन्हा मोडायचे, तुझ्या नकळत."

"खरंच?"

"खोटं सांगते का?"

मग बोटं चालली. तुकडे माझ्यात पडत होते, तिचे बारीक, त्याचे जाडे. तिनं विचारलं, "भीती वाटते का रे?" तो म्हणाला, "रात्री उठलो की वाटते. चिनपोला सांगू नकोस. तो आधीच पळतोय." हे बोलणं त्यानं माझ्याकडे बघत केलं, म्हणजे मी होतो त्या दिशेला. चुरा सारखा करायला त्याचा हात माझ्या काठावरून खाली सरकला आणि थांबला. एक टाका. दुसरा. तिसऱ्यावर बोट आलं तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "आई गं."

यिनह्वानं त्याचं बोट त्या टाक्यावर तसंच दाबून धरलं.

"हा तोच?" तो म्हणाला. "अजून आहे? ताई, हा तोच?"

तोच रे बाबा, तोच! सकाळपासून तुझ्या शेजारी आहे!

चिनपो आला तो घामाघूम. "झालं, आता तट! पटकन गेलो तर तट, हंसाचा मनोरा, आणि संग्रहालय बंद व्हायच्या आत—"

"चिनपो," बाओछंग म्हणाला, "चार वाजता मालकांची चूल विझते."

"कसली चूल? बाबा, मी कोणासाठी करतोय हे सगळं? पुढच्या वर्षी तुम्हाला—" तो मध्येच थांबला. मग रागानं म्हणाला, "काल अर्धा दिवस जुळवाजुळव केली, कोणी एक शब्द बोलला का? आत्या, तूही नाही बोललीस!"

"पाकळी उस्तादांनी खाल्ली," यिनह्वा पुटपुटली.

"कसली पाकळी?" न्ये उस्ताद जागे होऊन म्हणाले.

बाओछंगनं मुलाचं मनगट धरलं. "आल्यापासून तू माझ्या पुढे पळतो आहेस. मला नुसती तुझी पाठ दिसते. सैनिक मातीचे आहेत, ते राहतील. तू इथे मागे बस, माझ्या समोर. मला तुझं तोंड बघू दे."

चिनपो मागे येऊन बसला. यिनह्वानं त्याच्या हातात रोट ठेवला. त्यानं इतके मोठे मोठे तुकडे केले की मला लाज वाटली. पण रस्ता परत तुंबला होता, वेळ पुष्कळ होता, आणि बाप मुलाच्या चेहऱ्याकडे पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी बघत राहिला, एखादी इमारत बघावी तसा, वरपासून खालपर्यंत. चिनपोला कळत होतं. तो मान वर करत नव्हता, पण तोंड फिरवतही नव्हता.

दुकानाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. लान मालकांनी चूल विझवली होती आणि दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. मला हातात घेतलं, आत पाहिलं आणि भडकले.

"हे काय आणलंय? ह्यात तीन हात आहेत! हे बारीक आहे ते विरघळेल, हे ढेकळं आहेत ती कच्ची राहतील. कसं शिजवू मी हे?"

"असंच शिजवा," बाओछंग म्हणाला.

मालक बडबडत आत गेले, पण चूल पेटल्याचा आवाज आला. तळाचा घट्ट रस्सा होता तो घातला. तिघांनी एकाच वाडग्यात खाल्लं. काही विरघळलेलं होतं, काही कच्चं होतं. न्ये उस्तादांनी दारातून आवाज दिला, "साहेब, परतीची गाडी चुकेल!" आणि मग पळापळ, पिशव्या, टोप्या. बाओछंगनं जाताना माझ्या टाक्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. तट काही पाहिला नाही त्यानं. हंसाचा मनोराही नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. नजर गेली म्हणतात.

आणि मी वैतागलोय तो ह्याच्यासाठी. आज सकाळी यिनह्वा आली. मला खाली काढलं, टेबलावर ठेवलं, कानाला फोन. पलीकडून चिनपो. ते पुन्हा येताहेत, पुढच्या आठवड्यात. पुन्हा ठरवाठरव! न्ये उस्तादही हजर. लसणाची बशी आली. मी म्हटलं, झालं, आता परत उपडा.

"तट घेऊ," चिनपो फोनवर म्हणत होता. "बाबा म्हणतात, तटाच्या विटांना हात लावायचाय. दुपारी तट. मनोरा नंतर. आणि आत्या, संग्रहालय—"

"थांब," यिनह्वा म्हणाली. तिनं मला उपडा घातला नाही. बशीतली पहिली पाकळी उचलली आणि माझ्या आत, तळाशी ठेवली. मग बाकीच्या बाहेर मांडल्या.

न्ये उस्तादांचा हात, सवयीनं, पुढे आला. यिनह्वानं माझ्या तोंडावर तळवा ठेवला.

"तट खा उस्ताद," ती म्हणाली. "मनोरा खा. ह्याला हात लावायचा नाही."

तेव्हापासून ती पाकळी माझ्यात आहे. मालकांनी मला तसंच फळीवर ठेवलंय, न धुता. वास येतोय मला लसणाचा, आणि मी तक्रार करणार नाही. तुम्ही कुठे निघाला असाल तर जरूर आखा, पण आपल्या माणसासमोर हात गुंतवून बसायला थोडी जागा आधी राखा, आणि तिच्यावर हात ठेवा. कोणीतरी बोलता बोलता ती खाऊन टाकतं.

बाओछंग, तू ये. तुला मी दिसणार नाही, पण टाके तिथेच आहेत.