चौदापैकी नऊ ओळी

"आप ही के हाथ से क्यों होता है, भानुमतीजी? सुजय के रिपोर्ट तो पूरे आते हैं." प्रशासक साहेबांनी मेमो तिच्यापुढे सरकवला. "साइन कीजिए."

फरीदाबादच्या त्या खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये भानुमती गजभिये चोवीस वर्षं रिपोर्ट काढत होती. गेल्या महिन्यात तिनं काढलेल्या नऊ रिपोर्टांच्या तळाच्या ओळी गायब होत्या. परवा तर डेंग्यूच्या पेशंटची प्लेटलेट्सचीच ओळ गेली; त्याला घरी सोडता सोडता डॉक्टरांच्या लक्षात आलं. मेमोवर सही म्हणजे चूक कबूल, आणि चूक कबूल म्हणजे नोकरीवर पाणी.

"सर, पहले दस मिनट लॅब में चलिए." ती उठली ती उठलीच.

साहेब तिच्यामागून लॅबमध्ये आले. रिपोर्टांची तक्रार बघायला सॉफ्टवेअर कंपनीचा पुष्कर तिथं येऊन बसला होता. मुलगा पुण्याचा, नोकरी गुडगावात. 'आमच्याकडे टेस्ट केलं, सगळं ओके आहे,' हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. सकाळच्या गर्दीनं खिडकी गच्च भरली होती.

"पुष्कर, इकडे बघ. तपासणी झाली की मशीनचे आकडे फाइलमध्ये उतरायला लागतात. माझ्या शेजारचा हा सुजय एका बोटानं पेशंटचा नंबर टाइप करतो. तेवढ्यात सगळे आकडे उतरून होतात. आणि मी..."

तिची बोटं कीबोर्डवरून भर्रकन फिरली. प्रिंटरमधून कागद आला. चौदापैकी नऊ ओळी. जरा थांबून तिनं तोच नंबर पुन्हा टाकला. चौदा.

"यार!" पुष्कर खुर्चीतून उठलाच. "फाइल लिहून व्हायच्या आधीच आपण ती वाचतोय!"

"आपण नाही, तुमचा प्रोग्राम. लिहून झालं का, हे तो विचारतच नाही. आम्ही हातानं रिपोर्ट लिहायचो ना, तेव्हा कागद आतल्या टेबलावर असायचा. शेवटची ओळ झाली, सही झाली, की मगच खिडकीतल्या ट्रेमध्ये. ट्रेमध्ये अर्धा कागद कधी कुणाला सापडला नाही."

"अच्छा... म्हणजे फाइल आधी कच्च्या नावानं लिहायची आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव द्यायचं. प्रोग्रामनं खऱ्या नावाचीच फाइल वाचायची." पुष्कर ओशाळून हसला. "मॅडम, आमच्याकडे तुमच्याइतक्या वेगानं कुणी टाइपच करत नाही. म्हणून कळलंच नाही."

भानुमतीला एकदम भरून आलं. जिच्यापायी मेमो मिळाला, ती चूक नव्हती, चोवीस वर्षांची हातातली तयारी होती.

दोन दिवसांत पुष्करनं प्रोग्राम बदलला. तिसऱ्या दिवशी ऐन गर्दीत तिनं मुद्दाम बोटं पूर्ण वेगानं पळवली. नंबर टाकला की पडद्यावर क्षणभर 'थांबा' यायचं आणि मग कागद. दुपारपर्यंत एकशे साठ रिपोर्ट निघाले. एकही अर्धा नाही. सुजयनं स्वतः मोजले आणि सगळ्या लॅबला चहा पाजला.

प्रशासक साहेब मेमो घेऊन खाली आले. "भानुमतीजी, यह हम वापस ले लेते हैं."

"वापस नहीं, सर. फाड़िए. यहीं, सबके सामने."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. लॅबमध्ये कुणी हलेना. त्यांनी कागद फाडला, एकदा, मग आणखी एकदा. भानुमतीनं हात पुढे करून ते चार तुकडे घेतले, एकावर एक नीट ठेवले आणि पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं फाडले.