'लार्क' जहाजावर मांजर होती

मी एक म्हातारी मांजर आहे. एक कान फाटका, शेपटीचे टोक तुटके. पण मित्रांनो, नाक मुरडू नका. लंडनच्या सागरी न्यायालयात टोपलीत बसून जाऊन आलेली दुसरी मांजर तुम्ही पाहिली नसेल.

माझा जन्म लंडनमधल्या वॉपिंगच्या धक्क्यावर, दोरखंडाच्या वेटोळ्यात झाला. डोळे उघडतात न उघडतात तोच कप्तान ग्रिग्जनी मला खिशात घालून आपल्या मालकीच्या 'लार्क' जहाजावर नेले. त्यांची माया होतीच, पण गरजही होती. आमच्या दर्यावर्दी लोकांत जुना रिवाज आहे. जहाजावर मांजर असूनही उंदरांनी माल कुरतडला, तर तो व्यापाऱ्याचा तोटा. मांजरच नसेल, तर भरपाई जहाजाच्या मालकाने करायची. म्हणजे मी पाहुणी नव्हते, नोकरीवर होते. मी जहाजाच्या पोटात उतरले की उंदरांची पाचावर धारण बसायची.

नाव मात्र मला एक नव्हते. स्वयंपाकी ओबेदाया मला 'डचेस' म्हणे, सुतार टुली 'टिब' म्हणे. ज्याच्या हातात मासळी, त्याच्या हाकेला मी ओ देई.

तुर्कांच्या स्मर्ना बंदरातून रेशीम घेऊन परतताना कप्तान तापाने गेले. त्यांना समुद्राच्या स्वाधीन केले, तेव्हा मी कठड्याजवळ बसून होते. ते दुःख अजून विसरलेले नाही.

लंडनला माल उतरला, तेव्हा रेशमाच्या काही गासड्या कुरतडलेल्या निघाल्या. व्यापारी क्रॅनवेल यांनी दावा ठोकला की 'लार्क'वर मांजर नव्हतीच. जहाजाला जप्ती लागली आणि हुकूम डोलकाठीला ठोकला गेला. आम्ही दावा हरलो असतो तर जहाज विकले जाणार होते, आणि कप्तानांच्या विधवेजवळ, टॉमसिनबाईंजवळ, त्याखेरीज काही उरले नव्हते. साक्षीला उरले खलाशी. त्यांचा पगारही त्याच जहाजातून यायचा, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन कमी.

सागरी न्यायालयात प्रत्येक साक्षीदाराला एकट्याला खोलीत नेऊन जबानी लिहून घेतात आणि सगळ्या जबान्या पुढे एकदम वाचतात. कोण काय बोलले, तोवर कोणालाच ठाऊक नसते.

जबान्या वाचायच्या दिवशी टॉमसिनबाईंनी मला टोपलीत घातले.

"मालकीणबाई, हिला कशाला? ही काय शपथ घेणार आहे?" ओबेदाया म्हणाला.

"ती नाही घेणार. मला जरा धीर येईल," त्या म्हणाल्या.

व्यापाऱ्याच्या वकिलाने टोपलीत डोकावून पाहिले. "महाराज, लंडनच्या कुठल्याही गल्लीत हात घातला तरी असलं मांजर हाती लागतं." सगळे हसले.

मग जबान्या वाचल्या गेल्या. ओबेदायाची डचेस पांढरी होती, टुलीची टिब काळी. खोटे कोणीच बोलले नव्हते. एकाने मला सदा पिठात लोळताना पाहिले होते, दुसऱ्याने डांबरात. पण मला कोणी विचारतो का?

"एक पांढरी, एक काळी," वकील म्हणाला. "जरा थांबू या, हिरवीपण येईल."

टॉमसिनबाईंनी टोपली जवळ ओढली. माझाही जीव टांगणीला लागला.

शेवटी क्रॅनवेलांच्याच कारकुनाची, नेहेमायाची, जबानी आली. मालकाने त्याला बजावले होते, एकही नुकसान सोडू नकोस. त्या इमानी माणसाने खरोखरच एकही सोडले नव्हते. अमुक गासडी कुरतडलेली, तमुक भिजलेली, "आणि एक गासडी सबंध वाया गेली, कारण तिच्यात मांजरीची चार पिल्लं निघाली. तेवढ्यात फाटक्या कानाची एक करडी मांजर जहाजावरून धावत आली, माझा हात ओरबाडला, आणि एकेक पिल्लू तोंडात धरून जहाजावर परत घेऊन गेली."

न्यायाधीशांनी नेहेमायाला हात दाखवायला सांगितला. त्याने मोठ्या अभिमानाने बाही वर केली. क्रॅनवेलांनी डोळेच मिटून घेतले.

"टोपली उघडा," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी माझा कान निरखून पाहिला. मी जांभई दिली.

"'लार्क' जहाजावर मांजर होती," त्यांनी निकाल दिला. "जहाज सोडा."

मित्रांनो, मग काय सांगू! ओबेदायाने टोपली डोक्यावर घेतली आणि मला धक्क्यापर्यंत मिरवत नेले. टुलीने डोलकाठीवरचा जप्तीचा हुकूम खिळ्यासकट उपटून थेम्स नदीत फेकला. "आजवर मी हिला मासळीचोर म्हणत आले," असे म्हणत टॉमसिनबाई रडल्या आणि बशीभर साय माझ्यापुढे ठेवली. आनंदाने मी ती सांडलीही.

वसंतात 'लार्क' पुन्हा निघाली. नव्या कप्तानाच्या खिशात माझे धाकटे पिल्लू होते. मी आता टॉमसिनबाईंच्या चुलीपाशी असते. तुमच्याही घरी एखादा मुका जीव राबत असेल. त्याला हवी ती हाक मारा, पण रोज मारा, आणि पुढ्यात दोन घास टाका. तुमच्यावर वेळ आली, तर शपथ न घेताही तो तुमच्या बाजूने उभा राहील.