ओसरीवरचा खिळा

आबा दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी विजयमालानं ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकला आणि त्यांचा पलटणीतला एनॅमलचा मग त्यावर अडकवला.

"थुंकीची तपासणी साफ येईपर्यंतच हं, आबा."

आई याच क्षयाच्या खोकल्यानं गेली होती. तिच्या मागं साताऱ्यातल्या या दोन खोल्यांत बापलेकच उरली होती. आबांनी, म्हणजे निवृत्त हवालदार लालासाहेबांनी, मान हलवली. थुंकी दिवाळीआधीच साफ आली. खिळा राहिला.

विजयमाला सांगलीला मानसशास्त्रात एम.ए. करत होती, दर शनिवारी घरी येई. प्रबंधाचा विषय होता, क्षयाचे रोगी औषध मधेच का सोडतात. कवठे महांकाळच्या बाळाबाईनं तिला सांगितलं होतं, "गोळ्यांचं काय न्हाई ओ. घरात ताट निराळं करत्यात, त्यो घास उतरत न्हाई. म्हून गोळ्याच सोडल्या. म्हटलं, गोळी न्हाई तर दुखणं न्हाई, ताट आपसूक आत यील."

हे ऐकून मार्गदर्शक सोवनी बाई हरखल्या होत्या. आबांच्या आजाराबद्दल मात्र विजयमालानं त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता.

वैशाखात सोवनी बाई एका लग्नासाठी साताऱ्याला आल्या, तशा घरीही आल्या. विजयमालानं आईचे फुलाफुलांचे कप काढले. आबा नेहमीसारखे ओसरीवर.

"बाळाबाईचं बोलणं प्रबंधाच्या सुरुवातीलाच घे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला, ओसरीवर सहज जाणारा. "घरच्यांना वाचताना लाज वाटली पाहिजे. आणि वडील बाहेर का गं?"

उत्तराची वाट न बघता त्या एक कप घेऊन बाहेर गेल्या. विजयमाला मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेली. आबांनी खिळ्यावरचा मग काढून हातात धरला होता.

"मला मगच लागतोय, बाई. पलटणीतली सवय. कपानं च्या पिला की पिल्यागत वाटत न्हाई बगा. पोरगी लय कटकट करती, आत बसा म्हणती. मीच ऐकत न्हाई."

"हवालदारसाहेब, मुलीचं ऐकत जा थोडं!" बाई हसल्या. आबाही हसले. विजयमालानं खाली बघितलं. आबांच्या पायाशी कालच्या पेपरची घडी होती. ती घडी वाचत असल्यासारखी विजयमाला उभी राहिली.

बाई गेल्यावर तिनं पुन्हा आधण ठेवलं. दोन सारखे कप भरले आणि ओसरीवर जाऊन आबांच्या शेजारी बसली.

"घ्या आबा."

"ह्यो तुज्या आईचा."

"घ्या."

त्यांनी कप घेतला. तोंड तिच्यापासून जरा वळवून सावकाश प्याले. तिला काहीतरी बोलायचं होतं. शब्द पुष्कळ होते, पण सगळे प्रबंधातले.

चहा संपला. आबा उठले, राखेनं कप घासला, दोनदा विसळला आणि सवयीनं नेऊन खिळ्यावर अडकवला, मगाला लागून. आणि हात तिथंच थांबला.

"आरं तिच्या," ते ओशाळून म्हणाले. "चुकून गेला हात. ऱ्हाऊ दे आता. त्योबी माजाच झाला."

तो काढून आत न्यावा म्हणून ती उठली. पण काढायचा म्हणजे तो तिथं का गेला ते दोघांनी मान्य करण्यासारखं होतं. ती रिकाम्या हातानं आत गेली.

पुढच्या पौषात आबा गेले, क्षयानं नव्हे, हृदयविकारानं. माणसं भेटायला येत, ओसरीवर टेकत, भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत.

"हवालदारांचा मग का?" कुणी विचारी.

"हो," ती म्हणे. "कपसुद्धा."