आप्पासोंचे वीस ग्लास

सुलाबाईचा सरबताचा गाडा पलूसजवळच्या एका गावच्या एस.टी. थांब्यावर चौदा वर्षं उभा होता. लिंबं बांधावरची, बर्फ सांगलीच्या गाडीच्या टपावरून भुशात गुंडाळून येणारा, आणि जीभ तिची स्वतःची. असल्या बाईला धंदा शिकवायला एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात तिचा भाचा जोतीराम अमेरिकेहून आला.

तिकडं त्याला 'जो' म्हणत. येताना त्यानं एक घरगुती कंप्यूटर आणला होता. टाइपरायटरसारखी बटणं, वर काचेचा पडदा, शेजारी टेपरेकॉर्डर. सुलाबाईच्या घरच्या सोप्यात मशीन मांडलं तेव्हा अर्धी आळी जमली. टेप लावली, तर गाणं नाहीच. डुकराच्या पिलाची शेपटी दारात सापडावी तशी किंकाळी. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

"आत्या, ह्या खेळात तुझाच धंदा आहे, सरबताचा," जोतीराम म्हणाला. "सकाळी हवा कशी ते मशीन सांगतं. ग्लास किती करायचे, भाव किती ठेवायचा आणि जाहिरातीचे बोर्ड किती लावायचे, ते तू ठरवायचं."

"बोर्ड कशाला रं? मी वरडती की."

तरी ती खेळली. ती सांगायची, तो बटणं दाबायचा. ऊन म्हटलं की ती शंभर ग्लास सांगे, ढग म्हटलं की वीस. दर खेपेला फायदाच. तिसऱ्या दिवशी तिला त्याचा कंटाळा आला.

"ह्यात कंडक्टर कुठं हाय?"

"कुठला कंडक्टर?"

"फुकट दिला न्हाई तर गाडी लांब उभी करतुय, त्यो. आन हवालदार? आन आप्पासो?"

"यात सगळे पैसे देतात, आत्या."

"मग ह्यो धंदा न्हवं, पोरींची भातुकली हाय."

जोतीरामला ते झोंबलं. मशीनला नवं काही शिकवायची विद्या त्याला येत होती. दोन दिवस तो आत्याला विचारून विचारून बटणं बडवत बसला. कंडक्टरचे दोन ग्लास, हवालदाराचे तीन. आप्पासोंचे किती? ते चार संस्थांचे चेअरमन, पाचवी निघाली तर तिचेही. "मोजलं न्हाईत कदी," सुलाबाई म्हणाली, "बारा धर."

आता खेळ कुणालाच जिंकता येईना. हेडमास्तर खेळातल्या चार दिवसांत बुडाले. फौजेतलं कँटीन चालवून आलेले सुभेदार लालासाहेब तिसऱ्याच दिवशी बुडाले. माणसं पोट धरून हसत होती. चौदा वर्षं आपण हे कसं रेटलं, याचं सुलाबाईला मात्र पहिल्यांदाच नवल वाटत होतं.

बातमी आप्पासोंपर्यंत गेली आणि ते स्वतः आले, मागं माणसं घेऊन. जोतीरामचा हात मशीन बंद करायला गेला, पण आप्पासो खुर्चीत बसलेसुद्धा. पडद्यावर ओळ आली.

"काय लिवलंय?"

लालासाहेबांना फौजेतलं इंग्रजी येत होतं, त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचलं, "आप्पासो आले. बारा ग्लास फुकट!"

सुलाबाईनं पदर तोंडाशी धरला.

"बाराच?" आप्पासो म्हणाले. "आमच्या मागं कवाबी ईस माणूस असतंय. आमची किंमत कमी करतुय व्हय ह्यो? ईस कर."

जोतीरामनं वीस केले. आठवड्यानं मशीन घेऊन तो अमेरिकेला गेला. वीस मात्र इथंच राहिले.

रोज दुपारी आप्पासोंचा हरिबा माणसं घेऊन गाड्यावर यायचा. "ईस भर, सुलाबाई. मशीनमदीच हाय तसं, आमी काय पदरचं बोलतुय?" चार वाजताच बर्फ संपायचा. शेजारच्या गुंडा चहावाल्याकडंही वीस कप लागले. "तुज्या भाच्यानं लावलं ह्ये लचांड," तो तिच्यावर करवादायचा.

पंधरवड्यानं थांब्यावर पाणपोईचं उद्घाटन निघालं, अर्थात आप्पासोंच्या हस्ते. तहानलेल्याला पाणी पाजण्याच्या पुण्यावर भाषण रंगात आलं असताना सुलाबाई परात घेऊन स्टेजवर चढली. परातीत वीस ग्लास.

"मशीनमदी आप्पासोंच्या नावावर ईस हायती," ती माइकशेजारी म्हणाली. "हरिबाचं नाव न्हाई, दुसऱ्या कुणाचंच न्हाई. घ्या आप्पासो."

माणसं हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "प्या की आवं!" आप्पासोंनी हसून एक घेतला, मग दुसरा. गुंडा खालून मोठ्यानं मोजायला लागला. सहाव्याला उचकी लागली. नवव्याला त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"त्ये मशीन चुकीचं हाय," ते पुटपुटले.

"माइकवर सांगा," सुलाबाई म्हणाली.

त्यांनी माइकवर सांगितलं. भाषणाला पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून हरिबा यायचा बंद झाला. महिन्यानं मात्र रस्ता रुंद करायचं निघालं. मापाची दोरी ताणली, ती सगळ्या टपऱ्यांना वळसा घालून नेमकी सुलाबाईच्या गाड्यावरून गेली. जागा सोडायची नोटीस एकटीलाच मिळाली.

गाडा रस्त्यापलीकडं न्यायला गुंडानं हात दिला, अगदी घाम गाळून. तिकडं झाड नव्हतं, भर उन्हाची जागा. तो परत गेला आणि संध्याकाळच्या आत त्यानं आपला चहाचा ठेला उचलून तिच्या जुन्या जागी, कडुलिंबाच्या सावलीत मांडला.

सुलाबाईनं पलीकडून ते बघितलं. मग तिनं गाड्यावरची ताडपत्री सोडली आणि चार काठ्या रोवायला घेतल्या.