परत गेलेल्या बाईचं पुस्तक

मी एक जुना चरित्रग्रंथ आहे, मित्रांनो. ग्रंथ म्हणजे जरा जास्तच झालं, बोटभरसुद्धा जाड नाही मी. पाठ मोडली आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही समोर येऊन बसलाच आहात, तर सांगतो.

कोल्हापुरातल्या एका गल्लीतल्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी मुरगूडच्या एका वाचनालयात आलो. माझ्या पोटात परमुलखातल्या एका बाईची हकिगत आहे. तिच्या देशात माणसं बाजारात विकली जात. ती मालकाच्या तावडीतून निसटली. मग पुन्हा पुन्हा मागे गेली आणि रानातून, ओढ्यातून वाट दाखवत आपल्या माणसांना सोडवून घेऊन आली.

माझं कौतुक कमी झालं नाही. शाळेतले विजयसिंह सर मला व्यासपीठावर उंच धरून म्हणायचे, "केवढं हे धाडस!" टाळ्या पडायच्या. मुलं भाषणासाठी माझी दोन पानं उतरवून घ्यायची. 'गुलामगिरी वाईट होती, ती परदेशात होती' असं म्हणून बक्षीस घ्यायची. मग मी कपाटात. पुढच्या स्पर्धेपर्यंत माझी आठवण कुणाला यायची नाही. अशा कौतुकानेही माणूस दमतो हो, मी तर कागद.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाचनालयात झाडलोट करायला शालूबाई होती. ती मूळची सीमेकडच्या एका गावची. भाऊ व्हावा म्हणून घरच्यांनी तिला लहानपणीच देवीला सोडलं होतं. म्हणजे काय, ठाऊक आहे? गळ्यात मण्यांची माळ बांधायची. शाळा बंद, लग्न नाही. जन्मभर परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा आणि कुणीही यावं, तिच्यावर हक्क सांगावा. शालूबाई त्यातून बाहेर पडली होती. माळ तोडली, देवीची खूण म्हणून वाढवलेली डोक्यावरची जट कापली. तरी साधा ताप आला तरी तिला वाटायचं, देवी कोपली. ही भीती काही तिला सोडून गेली नव्हती.

संध्याकाळच्या वर्गात ती वाचायला शिकली. माझं अक्षर मोठं, म्हणून तिने मला उचललं. शब्दाखाली बोट धरून वाचायची. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी घाई न करता वाचत होतं. एका पानावर ती अडली आणि ग्रंथपाल अनुजाबाईंना म्हणाली, "बाई, ही सुटली की! मग परत कशाला गेली? येडी हाय का काय?"

"मलाही नीट सांगता येणार नाही, शालूबाई. पुढं वाचा," अनुजाबाई म्हणाल्या.

पुढच्या पानावर त्या बाईच्या भाचीला विकायला काढलं होतं. शालूबाईने मला मिटलं. चार दिवसांपूर्वीच गावाकडून निरोप आला होता. भाऊ आकारामची पोरगी सौंदर्या, तिच्या डोक्यात जट आली आहे आणि येत्या पौर्णिमेला तिला देवीला सोडणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत टाकून ती एसटीत बसली. वाटभर ती माझ्या पाठीवर हात दाबून होती.

आकारामने तिला उंबऱ्यातच अडवलं. "आक्का, तू जट कापलीस. देवीशी वाकडं घेतलंस. आत येऊ नकोस."

"न्हाय येत. पोरगीला बाहेर बोलव."

सौंदर्या आली. टायफॉईडमध्ये पोर महिनाभर अंथरुणाला खिळली होती, कुणी डोक्याला फणी लावली नव्हती. केसांचा गुंता झाला, गुंत्याचा घट्ट पिळा झाला. गावाने हात जोडले आणि म्हटलं, देवीने बोलावलं. एवढीच त्या जटेची कथा.

"आकाराम," शालूबाई म्हणाली, "तू व्हावास म्हणून मला सोडली. मी काय बोलले न्हाय. आता हिला कुणासाठी सोडतोस?"

"गाव काय म्हनंल, आक्का? हात लावला आनि घरात कोन दगावलं तर?"

"मला बी भ्या वाटतंय. रोज वाटतंय. तरी बघ, मी जित्ती हाय की!" असं म्हणून तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. तेल लावून विंचरलेले, निम्मे पिकलेले केस. दारामागून तिची भावजय झुंबरबाई ते केस बघत होती. बराच वेळ बघत होती.

मग ती आत गेली आणि कात्री घेऊन आली. शालूबाईने हात पुढे केला, पण तिने दिली नाही. "नगं वन्सं. तुम्ही कापू नगासा. शाप लागायचा तर माझ्या हाताला लागू द्या. मी आई हाय तिची."

तिनेच कापलं. कापताना ती मोठ्याने रडत होती, पण हात थांबला नाही. गावाच्या तोंडापासून दूर राहावी म्हणून तिनेच पोरीला आत्याबरोबर धाडलं. परतीच्या एसटीत सौंदर्या आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ती पुढे मुरगूडच्या शाळेत गेली.

मित्रांनो, इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण शालूबाई पुढेही अनेक वर्षं गावोगाव जात राहिली आणि प्रत्येक वेळी मी पिशवीत. त्यातच माझी पाठ मोडली. काही पोरी तिच्याबरोबर आल्या. काही दारं उघडलीच नाहीत. रिकाम्या हाताने परतली, तरी पुढच्या निरोपाला ती पुन्हा एसटीत बसायची. दोन हजार पाच साली ती वारली. नव्या इमारतीत नवी कपाटं आली आणि मी जिन्याखालच्या खोक्यात.

पुस्तकांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सांगतो. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मला चिकटपट्टी लावून काचेमागे ठेवू नका. तुमच्या ओळखीत एखादी पोर अशी अडकलेली असेल, तर मला पिशवीत टाका आणि तिच्या दारी चला. मी फार थकलोय, पण येतो.