निकाल आधी, नमुना नंतर

रुग्णालयात बावीस वर्षं रक्त तपासणाऱ्या बाई, आणि त्यांच्यावर खोट्या नोंदींचा आरोप! का, तर नमुना घेतला दहा एकोणसाठला आणि निकाल लागला दहा सत्तावन्नला. अशा चौदा नोंदी. दुपारी चारला चौकशी. खुलासा नाही मिळाला तर नोकरी गेली.

"मशीन खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. अहो, मशीन मी सांभाळतो, मला शिकवता?

पण खरी करामत आमच्या संगणक विभागाच्या ताईंची. त्यांनी सगळ्या नोंदी छापून घेतल्या, उलट्या पडलेल्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाल्या, "बाईंना खोटंच लिहायचं असतं, तर नेमकं तासाच्या तोंडावरच कशाला लिहिलं असतं? बघ, एकूण एक नोंद तास भरतानाची."

मग मोबाइल समोर ठेवून दर दहा मिनिटांनी, नोंदींवर वेळ टाकणाऱ्या सर्व्हरची वेळ कागदावर. तासाला चार मिनिटं पुढे! गेल्या आठवड्यात आम्ही नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभाच, बसवला होता. त्याने मशीनमधलं धड घड्याळ सोडून भलतंच धरलं होतं. ताईंनी एका ओळीत ते ताळ्यावर आणलं. काय डोकं आहे हो ताईंचं! मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

"पुढे पळतं ते कळलं," त्या म्हणाल्या. "पण त्याला मागे कोण ओढतं?"

मीच! घड्याळ पळतंय हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. कारण शोधायचा कंटाळा, म्हणून तास भरला की वेळ मागे घेऊन बरोबर करणारी एक आज्ञा लावली आणि विसरून गेलो. साखरेची तपासणी मिनिटाभराची; तेवढ्यात घड्याळ मागे गेलं की निकाल नमुन्याच्या आधी.

ताईंना ती आज्ञा सापडलेलीच होती, माझ्या नावासकट. चौकशीसाठी लिहिलेल्या अहवालात तेवढी एक ओळ त्यांनी मोकळी ठेवली होती.

"हे आपल्या दोघांनाच माहीत आहे ना?" मी चाचरत विचारलं.

त्या रागावल्यासुद्धा नाहीत. "तिघांना. स्वतः खोटं लिहिलं नाही, हे बाईंना पहिल्यापासून माहीत आहे."

मी ओळ भरली. चारला अहवाल ताई वाचणार होत्या, पण मीच उठलो आणि नावासकट वाचला. बाईंकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.