नाव झाकलेलं हॉटेल

शिरपूर जैनच्या बाजारात फूलचंदशेठचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं येणारं गिऱ्हाईक आधी भांडं हातात घेतं, उलटं करून बूड पाहतं, टिचकी मारून आवाज ऐकतं आणि मगच भावाची गोष्ट काढतं. शेठच्या बायकोचा, पानाबाईचा, सारा संसार असली गिऱ्हाइकं पाहण्यात गेला. त्यामुळे तिच्या नातीनं, कृतिकानं, मोबाइलवर जे दाखवलं ते तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

"म्हन्जे हॉटेलचं नावच सांगत नाई?"

"नाही ना आजी. कोणत्या भागात आहे ते सांगतात, कशा दर्जाचं आहे ते सांगतात. आपण आपली बोली लावायची. त्यांना पटली तर पैसे कापले जातात आणि मगच नाव दिसतं. मोठ्या हॉटेलातल्या रिकाम्या खोल्या अशा स्वस्तात जातात."

"अन् नाई आवडलं तर?"

"तर गप राहायचं. पैसे परत मिळत नाहीत."

गादीवर बसलेल्या फूलचंदशेठनी पेपरातून मान वर काढली. "तोंड न पाहता कोनी सोयरीक करते काय?"

"तुमी केली न," पानाबाई म्हणाली. "माहं तोंड कुठं पाह्यलं होतं तुमी? तुमच्या मामानं पाह्यलं, अन् तुमी घोड्यावर बसले."

कृतिका खदखदून हसली आणि शेठ पुन्हा पेपरात गेले.

विषय निघाला होता नागपूरचा. शेठ दर वर्षी इतवारीच्या बाजारात माल पाहायला जात आणि तिथल्याच धर्मशाळेत उतरत. पानाबाई कधी सोबत गेली नव्हती, कारण दुकान उघडं ठेवायला कोणीतरी हवं. आता दुकान मुलानं, पारसनं, सांभाळलं होतं. म्हणून यंदा ती म्हणाली, "मीबी येतो." शेठ हो म्हणाले खरे, पण धर्मशाळेला फोन लावला तर तिथं दुरुस्ती चाललेली, खोल्या बंद. तेव्हा कृतिकानं ही बोलीची वाट दाखवली.

पानाबाईनं पहिली बोली अगदी धर्मशाळेच्या हिशेबानं लावली. बोट उचललं नाही तोच उत्तर आलं: नाही.

"अरे बाप्पा! थ्यानं इचार तरी केला काय?"

"कोणी माणूस नसतो गं तिथं. कॉम्प्युटर असतो."

"कॉम्प्युटरले कोनी सांगतलं, एवढ्यात नाई म्हन म्हनून?"

एकदा नाही आलं की तासभर थांबायचं, मग दुसरी बोली, असा नियम होता. दुसरी बोली पानाबाईनं थोडी वाढवून, शनिवारसाठीच लावली; पुन्हा नाही. मग तोच आकडा मंगळवारसाठी लावला आणि हो आलं! पडद्यावरचं झाकलेलं नाव उघडलं: हॉटेल सोनसावली, सीताबर्डी.

कृतिकानं टाळ्या वाजवल्या. पानाबाई मात्र मोबाइलकडे पाहतच राहिली. खोली मिळाली याचा आनंद होताच, पण शनिवारी जो भाव पटला नाही तो मंगळवारी कसा पटला, हे कोडं तिला सोडेना. भाजी फोडणीला टाकताना तेच, देवळाच्या पायऱ्या चढताना तेच. "मी इचारून येईन," तिनं ठरवलं. कोणाला विचारणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

जवळच्या मालेगावहून बस धरून दोघं मंगळवारी दुपारी नागपुरात पोचली. दशम्या, चटणी, कोरडं पिठलं असा दोन दिवसांचा डबा सोबत होता, कारण कांदा-बटाटा न खाणाऱ्या शेठना हॉटेलातल्या जेवणाचा भरवसा नव्हता. सोनसावलीची फरशी इतकी चकचकीत होती, की पानाबाईनं दारातच चपला काढल्या आणि शेठनी डोळ्यानं दटावल्यावर पुन्हा घातल्या.

काउंटरमागे पस्तिशीचा, नीटस कोट घातलेला एक माणूस उभा होता. आधार कार्ड पाहता पाहता तो थांबला.

"शिरपूरचे तुमी? मी जऊळक्याचा, तुमच्या बाजूचाच. प्रसेनजित."

इतका वेळ शुद्ध बोलणारा माणूस एकदम घरच्यासारखा झाला, तशी पानाबाईला हिंमत आली. "भाऊ, एक इचारू काय? शनिवारी मले नाई म्हननारा कोन होता?"

प्रसेनजितला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. कळला तेव्हा तो इतका हसला, की दाराजवळच्या पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. "मीच होतो न काकू! म्हन्जे नाई मशीन म्हन्ते, पन कितीच्या खाली नाई म्हनायचं ते रोज मी ठरवतो."

शेठ खोलीत आडवे झाले. पानाबाई खाली आली, तेव्हा काउंटरला गर्दी नव्हती. प्रसेनजितनं तिला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. शनिवारी वरच्या हॉलमध्ये लग्न होतं, सगळ्या खोल्या वऱ्हाडानं घेतलेल्या. आज मंगळवार, अर्धं हॉटेल रिकामं.

"तुमचं पितळ उद्या इकलं तरी पितळच राह्यते," तो म्हणाला. "माही खोली आज नाई गेली तर आजची रात गेली. थे उद्या इकता येत नाई."

"म्हन्जे दुधासारखं."

"तसंच."

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. कोणीतरी आजच्यासाठी बोली लावली होती; जराशासाठी कमी पडली आणि मशीननं नाकारली.

"कोन हाये थो?" पानाबाई पुढं झुकली.

"मले कुठं मालूम! सौदा पटेपर्यंत त्यायले आमचं नाव दिसत नाई, अन् आमाले त्यायचं."

पानाबाई चकित झाली. शिरपुरात बसून तिला वाटत होतं, की पलीकडचा सगळं जाणून बसला आहे आणि आंधळी कोशिंबीर ती एकटी खेळते आहे. इथं तर दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी!

"भाऊ, थोडं खाली आनता काय?"

"काहून?"

"कोन येते थे पाहू."

प्रसेनजितनं तिच्याकडे पाहिलं. खोली तशीही रिकामीच राहणार होती. त्यानं आकडा खाली आणला. "पन त्यायनं पुन्हा लावली तरच बरं का. दुसरीकडं गेले असतील तर गेले."

तासभर थांबायचा नियम पानाबाईला पाठ होता. ती वर गेली, शेठसोबत दिवस मावळायच्या आत जेवली आणि पुन्हा खाली येऊन बसली. "आपलं कोनी येनार हाये काय?" शेठनी जिन्यावरून विचारलं. "मालूम नाई," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. शेठही मग कुरकुरत शेजारी येऊन बसले.

थोड्या वेळानं प्रसेनजितनं काउंटरवरून अंगठा वर केला. बोली पुन्हा आली होती आणि पटली होती.

पानाबाईनं मनात कितीतरी माणसं उभी केली: बदलीवर आलेला साहेब, परीक्षेला आलेली मुलगी, नवं लग्न झालेलं जोडपं. दार उघडलं आणि आत आली तिच्याच वयाची एक बाई. पांढरी वेणी, नऊवारी, पायात खेळाडूंचे बूट, पाठीवर पिशवी. सोबत कोणीच नाही. ती चारी बाजूंना पाहत, आपल्याशीच बोलली, "हां, हे बरं निघालं!"

पानाबाईला राहवेना. "तुमी एकट्याच?"

"एकटीच तर येते." ती बाजूच्या खुर्चीत बसली. नाव रुपाबाई, गाव पुसद. शाळेतली नोकरी संपली होती, यजमान वारले होते, पोरं पुण्याला.

"काही काम काढलं नागपुरात?"

"काम कायचं! महिन्यातून एकदा निघते. गाव ठरवते, बोली लावते, अन् कोनतं हॉटेल निघते ते पाहते. कधी झकास, कधी ढेकनाचं घर. अमरावतीले तर खिडकीच नोती!" ती हसली. "घरी बाई, कोनत्या डब्यात काय हाये, कोनत्या दाराआड कोन हाये, सगळं मालूम. असं महिन्यातून एकदा तरी मालूम नसावं."

आयुष्यभर पानाबाईनं वाजवून पाहिल्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि ही बाई न वाजवताच घ्यायला घरातून निघत होती. तिला भीती वाटली नाही, हेवा वाटला.

शेठ मात्र घसा खाकरून म्हणाले, "पोरं रागावत नाईत?"

"रागावतात न. मंग मी इचारते, तुमी येता काय सोबत? चूप बसतात."

दुसऱ्या दिवशी इतवारीत तिघंही गेली. शेठ व्यापाऱ्याशी भावावरून घासाघीस करत होते, आणि दोघी बाया जुन्या गल्ल्यांमधून, कुठं निघते ते पाहू म्हणत, भलतीकडेच निघाल्या. शेवटी शेठनाच त्यांना शोधत फिरावं लागलं.

दिवाळीनंतर रुपाबाईचा फोन आला. "तुमच्या शिरपूरले बोली लावून राह्यली होती. मोबाइल म्हन्ते, इथं काहीच नाई."

"बोली कायची लावता? घर हाये न आपलं. नाव मालूम हाये, पत्ता मालूम हाये. चालन काय?"

रुपाबाई म्हणाली, "आत काय हाये थे कुठं मालूम हाये! येते."

ती दोन दिवस राहिली. देऊळ पाहिलं, आठवडी बाजार पाहिला, दुकानात बसून दोन पातेली विकली आणि भाव चुकीचा सांगितला, तरी शेठनी त्याच भावात ती बांधून दिली. जायच्या दिवशी तिची पिशवी भरून झाली, तेव्हा तिला बसवर पोचवायला म्हणून पानाबाईसुद्धा निघाली, हातात आपली एक पिशवी घेऊन.

"हे काय?" शेठनी विचारलं.

"नांदेडले चाल्ली. परवा येतो."

"नांदेडले कुठं?"

"आता कसं सांगू? रस्त्यात बोली लावनार हावो."

शेठ दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. बस वळणाआड गेल्यावर ते आत आले आणि पारसला म्हणाले, "कृतिकाले फोन लाव बरं. मले इचारायचं हाये, थो मोबाइल एकावेळी तीन मानसायची खोली देते काय?"